अंगणवाडीत वह्या वाटण्याआधी: सरपंचताई आणि ग्रामसभेला खुले पत्र

प्रति,
सरपंचताई, उपसरपंच, सर्व ग्रामपंचायत सदस्य आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला येणारे सगळे माय-बाप,

स.न.वि.वि.

पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यात अंगणवाडीसाठी तीन गोष्टी घ्यायचं जवळपास ठरलं आहे, असं कानावर आलं. भिंतीवर मोठा टीव्ही, प्रत्येक लेकराला दोनरेघी-चाररेघी वह्यांचा संच, आणि दारावर 'केजी वन, केजी टू' असा रंगीत बोर्ड. यामागचा हेतू मला कळतो. सकाळी कॉन्व्हेंटची गाडी पाटीजवळ येते आणि गावातली चांगली डझनभर लेकरं टाय लावून तालुक्याला जातात. ती इथंच राहावीत, अंगणवाडीचा पट टिकावा, असं तुम्हाला वाटतं. शिवाय ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असा नियम असूनही तो पैसा खुर्च्या-सतरंज्यांत जिरताना आपण सगळ्यांनी पाहिला आहे. या वेळी तो खरोखर लेकरांवर खर्च होणार, यासाठी तुमचं अभिनंदनच केलं पाहिजे.

तरीही या तिन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. तो ग्रामसभेत दोन मिनिटांत सांगून होणार नाही. तिथं माइक कोणाच्या हातात असतो तेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

मी जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. अंगणवाडी आमच्याच आवारात, माझ्या वर्गाला लागून आहे. तिथून निघालेलं प्रत्येक लेकरू माझ्याकडे येतं. कॉन्व्हेंटात टाकलेलीही बरीच येतात. एखाद्या साली सोयाबीन हातचं गेलं, फी तुंबली, की बाप दाखला घेऊन शाळेच्या दारात उभा असतो. तीन ते सहा या वयात कोणाचं काय झालं, हे म्हणूनच मला रोज बघायला मिळतं.

पालकांचा नेहमीचा सवाल असतो, "मॅडम, शिकवते काय जी तिथं? पोट्टे खेयतेत, खिचडी खातेत अन् घरी येतेत." वही कोरी दिसली की शिक्षण झालं नाही, असा हिशेब. तर तिथं काय चालतं ते जरा जवळून सांगते.

सध्या आपल्या अंगणवाडीत 'मार्केट यार्ड' हा खेळ जोरात आहे. कोणी शिकवला नाही. घरात सोयाबीनच्या सोंगणीची आणि भावाची बोलणी सुरू आहेत, तीच पोरांनी वर्गात आणली. काठीला सुतळीनं दोन प्लॅस्टिकची झाकणं बांधून सेविकाताईंनी काटा करून दिला. एक साडेचार वर्षांचं पोरगं अडत्या झालं होतं. एका पोरीनं वाटीत चिंचोके आणले. पोरानं त्यात हात घातला, वास घेतला (हे अगदी बघण्यासारखं होतं) आणि म्हणालं, "माल वला हाये. भाव कमी भेटन." पोरगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "वला कायचा? काल त ऊन व्हतं!" अडत्या ऐकेना. ताईंनी मध्ये पडून निवाडा केला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "मग आता काय करता?" पोरीनं विचार केला, वाटी घेऊन ओट्यावर गेली, चिंचोके उन्हात पसरले आणि राखण करत बसली. थोड्या वेळानं परत आणून काट्यात टाकले. दुसऱ्या झाकणात दगड. दगड जड झाला तेव्हा ती आणखी मूठभर चिंचोके घेऊन आली.

आता हिशेब करा. वजन म्हणजे काय, समतोल म्हणजे काय, कमी-जास्त कसं करायचं, हे तिनं हातानं केलं. आपलं म्हणणं कारण देऊन मांडलं. 'काल ऊन होतं, म्हणून माल ओला नाही' हा तर्क आहे, आणि तो चार वर्षांच्या पोरीनं स्वतः केला. भांडण न करता वाट काढली. राग आला तरी वाटी फेकली नाही. उन्हात ठेवलं की वाळतं, हे विज्ञानही त्यातच आलं. यातलं वहीत काहीच उतरत नाही, म्हणून संध्याकाळी माय विचारते तेव्हा पोरगी सांगते, "खेळलो."

त्याच काट्यावर दुसऱ्या दिवशी ताईंनी वाटीभर तूर आणि वाटीभर कापूस ठेवला. दोन्ही वाट्या काठोकाठ भरलेल्या. आधी विचारलं, जड कोण? निम्म्या लेकरांनी कापूस सांगितला, कारण त्याचा ढीग उंच दिसत होता. मग काटा उचलला. जे तोंडं वासून बघणं झालं, ते मी पहिलीत फळ्यावर कितीही लिहिलं तरी होणार नाही. दिसायला मोठं ते जड असतंच असं नाही, हे कळायला बरीच वर्षं लागतात, आणि ते असं हाताळूनच कळतं.

जेवणाच्या वेळचं बघा. मदतनीस मावशी एका लेकराला ताटल्या मांडायला सांगतात. त्याला बाराच्या पुढचे आकडे नीट म्हणता येत नाहीत. पण ते एकेका लेकरापुढे एकेक ताटली ठेवत जातं, शेवटी दोन उरतात, आणि ते ओरडतं, "मावशी, दोन जास्ती झाल्या!" एकास एक जुळवणं याला म्हणतात, सगळं गणित त्यावर उभं आहे. याउलट माझ्या वर्गात अशीही लेकरं येतात, जी शंभरपर्यंत आकडे धडाधड म्हणतात आणि 'पाच चिंचोके आण' म्हटलं की मूठ भरून आणतात. त्यांना आकड्यांचं गाणं पाठ आहे. पाच म्हणजे किती, हे मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि एव्हाना त्या लेकराला 'आपल्याला येतं' असं वाटत असतं, म्हणून ते जास्त अवघड जातं.

ताटलीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. त्या ताटलीत काय पडावं याचा सरकारी हिशेब पक्का आहे: तीन ते सहा वर्षांच्या लेकराला दिवसाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं. खिचडी पातळ झाली की ग्रामसभेत आवाज होतो, आणि व्हायलाच पाहिजे. आज गोष्ट सांगितली का, लेकरं मातीत खेळली का, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आता वह्यांकडे येते, कारण खरा वाद तिथंच आहे.

तीन वर्षांचं लेकरू बघून बघून कसाबसा गोल काढतं. अधिकचं चिन्ह साधारण चौथ्या वर्षी जमतं. चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण पाचच्या पुढे. हे कुठलंही लेकरू घ्या, आपल्या गावचं नाहीतर पुण्याचं, थोडं मागंपुढं होईल पण क्रम हाच. आता 'क' डोळ्यांसमोर आणा. उभी रेघ, डावीकडे गाठ, उजवीकडे वळून खाली येणारा बाक, वर शिरोरेषा. ज्याला अजून चौकोनाचा कोपरा वळवता येत नाही, त्याच्याकडून आपण हे चार रेघांच्या पट्टीत बसवून पानभर मागतो. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी तिथं नुसती मऊ कूर्चा असते आणि एकेक करून तिचं हाड बनत जातं. सहाव्या वर्षापर्यंत सगळी तयारही झालेली नसतात. मग लेकरू काय करतं? पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यापासून हात हलवतं, जीभ दातात धरतं. पान भरतं खरं. पण ती आवळलेली पकड सोडवायला मला पुढे महिने लागतात, आणि 'लिहायचं' म्हटलं की रडणारी लेकरं बहुतेक हीच असतात.

लिहिण्याची तयारी कशानं होते ते आपल्या घरात रोज दिसतं. बोंडातून कापूस ओढताना अंगठा आणि दोन बोटं जशी जुळतात, पेन्सिलची पकड नेमकी तीच. (कोणी याचा अर्थ लेकरांना वेचणीला न्या असा घेऊ नका. मूठभर कापूस वर्गात आणा, सरकी वेगळी करू द्या, वाती वळू द्या, इतकंच.) पोळ्याच्या आधी ताईंनी काळ्या मातीचे बैल करायला दिले होते. माती मळणं, शिंगं ओढून काढणं, चार पाय सारख्या लांबीचे करणं. पाय लहान-मोठे झाले की बैल पडतो, मग पुन्हा. तान्ह्या पोळ्याला ते बैल घेऊन लेकरं दारोदार गेली आणि बोजाऱ्याचे, म्हणजे बैलाच्या ओवाळणीचे, पैसे मोजत परत आली. त्या मातीनं बोटांना जी ताकद आली ती मला जूनअखेर शाळा उघडली की पेन्सिलीत दिसेल.

वाचनाचंही तसंच. अक्षरं डोळ्यांनी ओळखायच्या आधी आवाज कानांनी वेगळे करता आले पाहिजेत. 'वां-गं' म्हणून दोन टाळ्या, 'ट-मा-टर' म्हणून तीन. कापूस, काकडी, कणीस, यांत सुरुवातीला कोणता आवाज आला? सध्या भुलाबाईचे दिवस आहेत. गाणी झाल्यावर खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं, हा खेळ आपण सगळ्या जणी खेळलो. फुटाणे कसे वाजतात, साखर कशी, आणि काहीच वाजलं नाही तर शिरा असणार. कान तयार करण्याचा याहून चांगला धडा मला कुठल्या मार्गदर्शिकेत सापडलेला नाही. आपल्या ताई तो वर्षभर घेतात, डब्यात कधी खडे, कधी डाळ, कधी बिया टाकून.

आणि भाषा. आपल्या अंगणवाडीत निम्मी लेकरं तांड्यावरची आहेत. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिल्या महिन्यात ती गप्प असतात. ताईंना गोरमाटी येतं, त्या आधी त्यांच्या बोलीत गोष्ट सांगतात, मग हळूहळू मराठी शब्द पेरत जातात. दिवाळीपर्यंत ती लेकरं दोन्ही भाषांत भांडायला लागतात. हेच लेकरू तालुक्याच्या कॉन्व्हेंटात जातं तेव्हा त्याच्यासमोर एकदम इंग्रजी येतं, मध्ये काहीच नसतं. तिथल्या बाई वाईट नसतात. एका वर्गात पन्नास पोरं आणि पालकांना दर शनिवारी भरलेली वही दाखवायची, तर त्या तरी काय करणार? असं एक लेकरू माझ्याकडे आलं होतं. एबीसीडी पूर्ण, फळांची इंग्रजी नावं पाठ, आणि 'आज काय खाल्लं?' म्हटलं तर मान खाली. वर्ष गेलं त्याला बोलतं करायला. इंग्रजीला माझा विरोध नाही, मीही पहिलीपासून शिकवते. पण ज्या लेकराला आपल्या मनातलं एका तरी भाषेत पुरतं सांगता येतं, त्याला दुसरी भाषा लवकर येते, हे मी वर्गात बघते.

आता 'केजी' या बोर्डाबद्दल. ही केजीची, म्हणजे किंडरगार्टनची, कल्पना ज्यानं काढली तो जर्मनीतला फ्रोबेल. 1840 च्या सुमाराची गोष्ट. त्यानं लेकरांच्या हातात सगळ्यात आधी काय दिलं? लोकरीचे रंगीत चेंडू. मग लाकडी गोल, दंडगोल आणि घनाचा ठोकळा, मग लहान लहान ठोकळ्यांचे संच. जोडीला गाणी आणि बागकाम. म्हणजे आपल्या ताई चिंचोके-मातीत जे करून घेतात ते अस्सल केजी आहे, आणि चाररेघी वहीवाली ही नंतर बाजारानं केलेली नक्कल.

आपल्या बाजूला तर हा वारसा जर्मनीहून आणायचीही गरज नाही. सेवाग्राम इथून फार लांब नाही. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर तिथं गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकायची पद्धत, उभी राहिली, आणि पुढे सात वर्षांखालच्या लेकरांसाठी पूर्वबुनियादीचं कामही झालं: अंगण झाडणं, पाणी भरणं, रोपं लावणं, कापूस हाताळणं, यातून शिकणं. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत होत्या. त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, 1945 मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथं येऊन मिळाल्या. गरिबांची लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साधनं म्हणून पानं, शिंपले, बिया, दगड. सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली 2 ऑक्टोबर 1975 ला. म्हणजे तुमची ग्रामसभा ज्या तारखेला भरते, तीच तिचीही तारीख.

सरकारी कागदही वह्यांच्या विरोधातच आहेत, हे ग्रामसेवक भाऊंनी तपासून घ्यावं. 2020 च्या दप्तर धोरणात पूर्वप्राथमिकच्या लेकराला दप्तर नको आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं आहे. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आठ वर्षांखालच्या लेकरांना परीक्षा योग्य नाहीत म्हणतो. अंगणवाडीसाठी आलेला 'आधारशिला' अभ्यासक्रम खेळावरच बेतलेला आहे. आणि 2020 च्या शिक्षण धोरणातलं ते वाक्य, की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, ते तर तालुक्यातल्या कॉन्व्हेंटच्या फ्लेक्सवरही झळकतं. फक्त त्याखाली फीचा तक्ता असतो.

एवढं कशाला, जूनमध्ये आमच्याच शाळेत 'पहिले पाऊल'चा शाळापूर्व तयारी मेळावा होतो. त्यात आम्ही दाखल होणाऱ्या लेकराला काय करायला लावतो ते तुम्ही येऊन पाहिलंच आहे: रेषेवरून चाल, उडी मार, कागदाची घडी घाल, वस्तूंचे गट कर, चित्र बघून बोल. पानभर लिहून दाखव, असं एकही टेबल नसतं.

टीव्हीबद्दल थोडक्यात. दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसाला एका तासाहून जास्त स्क्रीन नको, त्याहून कमी असेल तर बरंच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं. आपली लेकरं तो तास घरी मोबाइलवर पहाटेच उरकून येतात. टीव्हीतलं अस्वल लेकराच्या प्रश्नाला थांबत नाही. ताई गोष्ट सांगताना थांबतात, लेकराचं ऐकतात, त्याचं नाव गोष्टीत घालतात. शिवाय आपल्याकडे लाइट किती वेळ असते, हे मी सरपंचताईंना काय सांगू.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मॅडमनं अंगणवाडीची आरतीच ओवाळली. तसं नाही. बऱ्याच गावांत खिचडी वाटली की कुलूप लागतं, हे खरं आहे. आपल्याकडेही असे दिवस जातात. त्याचं कारण मात्र बघा. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये रोजची नोंद, घरी न्यायचा आहार घ्यायला आलेल्या बाईचा चेहरा मोबाइलमध्ये जुळेपर्यंत फोटो, वजनं, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायांच्या गृहभेटी, सर्वेक्षण, मतदारयादी. 2024 मध्ये लाडकी बहीणचे अर्ज भरायला सगळं गाव कोणाच्या दारात उभं होतं? या सगळ्यात लेकरांचे सकाळचे दोन तास कापले जातात, कारण त्यांची तक्रार करायला कोणी येत नाही. आणि ज्यांच्याकडून आपण हे सगळं करून घेतो त्यांना पगार नाही, मानधन आहे. ग्रॅच्युइटीचा हक्कही 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिळवावा लागला. सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांच्या शिक्षणाची शिक्षण हक्क कायद्यानं हमी आहे. त्याखालच्या लेकरांसाठी त्याच कायद्याचं कलम 11 इतकंच म्हणतं, की शासनाला सोय करता येईल. करता येईल! म्हणून या वयाच्या बाबतीत गावानं काय ठरवलं याला वजन आहे.

2023 च्या डिसेंबरात सेविकांचा संप झाला तेव्हा काय झालं ते आठवा. ऐन वेचणीचे दिवस. अंगणवाडी बंद. बाया सकाळीच शेतात. मग लहानग्यांना कोणी धरलं? आमच्या तिसरी-चौथीतल्या पोरींनी. माझ्या शाळेच्या हजेरीपटावर त्या महिन्यात मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच जास्त. अंगणवाडी नीट चालली तर तिथल्या लेकराबरोबर त्याची मोठी बहीणही शाळेत येते.

तर मग पैसा कशावर घालायचा? माझं म्हणणं असं.

पहिलं म्हणजे ओट्याला लागून वाळूचा हौद, टिनाच्या सावलीत, आणि शेजारी लेकरांच्या उंचीचा नळ. भरणं, ओतणं, खणणं, यात लेकरू तासभर रमतं आणि मापं शिकतं. वर्गाच्या भिंतीला खालून तीन फूट काळा रंग द्या, म्हणजे प्रत्येकाला आपापला फळा. खडूनं मोठ्या रेघा मारायला खांदा-मनगट मोकळं लागतं. भिंतीवर वरती रंगवलेले कार्टून आणि फळं लेकरांसाठी नसतात, ती पाहुण्यांना दाखवायला असतात. ठोकळे सागाच्या तुकड्यांचे सुताराकडून करून घ्या, धारा गुळगुळीत करून. विकतच्या संचाहून स्वस्त पडतील आणि दहा वर्षं टिकतील. मोठ्या चित्रांची गोष्टींची पुस्तकं, आणि ती कपाटात कुलूपबंद न ठेवता लेकरांच्या हाताला येतील अशा फळीवर. फाटली तर फाटली. बाजूला तारेचं कुंपण, डुकरं आत येतात म्हणून. आणि संडासाला आतून लागणारं, लेकराला उघडता येईल असं दार. तीन वर्षांचं लेकरू अंगणवाडीत का येत नाही याचं कारण खूपदा तेवढंच असतं.

दुसरी गोष्ट बिनपैशाची आहे. सकाळी 10 ते 12 या वेळेत ग्रामपंचायतीनं ताईंना कोणत्याही बैठकीला, फोटोला, सर्वेक्षणाला बोलवायचं नाही, असा ठराव घ्या. वरून येणारी कामं आपल्या हातात नाहीत. आपली तरी थांबवता येतील. पर्यवेक्षिका मॅडमना आणि प्रकल्प अधिकाऱ्यांना त्या ठरावाची प्रत पाठवा.

तिसरी गोष्ट सोंगणी आणि वेचणीच्या हंगामापुरती. बाया सकाळी सात-साडेसातला शेतात निघतात, अंगणवाडी त्यानंतर उघडते, आणि परत येईपर्यंत लेकरं रस्त्यावर. बचत गटातल्या दोन बायांना त्या तीन महिन्यांपुरतं मानधन देऊन आधीचे आणि नंतरचे तास चालवता येतील. मदतनीस मावशींवर ते काम टाकू नका. त्यांचं आधीच पुरेसं आहे.

टीव्हीच्या आणि वह्यांच्या पैशात यातलं बरंच बसतं. मी सुताराशी आणि गवंड्याशी बोलून ठेवलं आहे. अंदाजपत्रक महिला सभेच्या आधी ग्रामपंचायतीत आणून देते. कोणाला हे पटत नसेल तर ग्रामसभेत जरूर विरोध करावा. फक्त त्याआधी एक सकाळ अंगणवाडीत येऊन बसावं, मोबाइल खिशात ठेवून. अडत्या पोरगं तुमच्याही मालाला भाव करेल. कमीच करेल.

पालकांना वही लागतेच असं वाटत असेल तर एक मधला मार्ग ताईंनीच सुचवला आहे: महिन्यातून एकदा लेकरानं काढलेलं चित्र आणि त्यावर ते जे बोललं ते ताई त्याच्याच शब्दांत खाली लिहितील, आणि तो कागद घरी येईल. मायनं तो भिंतीला चिकटवावा आणि लेकराला त्यावर बोलायला लावावं. कोरे कागद शाळेतून मी देईन.

कळावे,
आपली,
पहिलीच्या वर्गाची शिक्षिका,
जिल्हा परिषद शाळा

ता.क. हौदासाठी वाळू विकत घेऊ नका. नाल्याच्या पुलाच्या कामातली उरलेली वाळू समाजमंदिरामागे पडून आहे. ती चाळून, धुऊन घ्यावी लागेल, आणि हौदाला झाकण पाहिजे, नाहीतर रात्री मांजरं-कुत्री घाण करतात. झाकण टिनाचं नको, लेकरांची बोटं कापतील. जुन्या ताडपत्रीला दोरी ओवली तरी चालेल.